वाचक विचारतात : फिल्ड टेलिफोन आणि त्याची तार

गेल्या अंकात डोंगरातील शिबिरांविषयी लिहिताना, जिथे मोबाईल पोहोचत नाही तिथे फिल्ड टेलिफोनची, म्हणजे एक्स्चेंजशिवाय थेट तारेने जोडलेल्या लष्करी टेलिफोनची, तार अजूनही उपयोगी पडते, असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. सैन्याच्या सिग्नल दलात लाइनमन म्हणून माझी बरीच वर्षे तार टाकण्यात आणि तुटलेली तार शोधण्यात गेली असल्यामुळे संपादकांनी ती सगळी पत्रे माझ्याकडेच पाठवली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचा गिर्यारोहणाचा छोटा गट हिवाळ्यात जुन्नर परिसरात दोराने कडा उतरण्याचे शिबिर घेतो. कडा सुमारे दीडशे मीटरचा असून त्याच्या पायथ्यापासून आमचा तळ पाऊण किलोमीटरवर असतो. वॉकीटॉकी कड्याच्या पोटात गेली की गप्प होते. एका सदस्याने जुन्या बाजारातून लष्करी बनावटीचे दोन फिल्ड टेलिफोन आणले आहेत. ते चालू आहेत की नाहीत हे कसे तपासावे, आणि एवढ्या अंतरावर ते चालतील का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : अंतराची चिंता मुळीच करू नका. अमेरिकन सैन्याच्या टीए-३१२ या सर्वपरिचित संचाचा पल्ला नेहमीच्या फिल्ड तारेवर ओल्या हवेत सुमारे २२ किलोमीटर आणि कोरड्या हवेत सुमारे ३५ किलोमीटर सांगितला जातो. इतर देशांचे संच थोडेफार उणेअधिक असतील, पण तुमच्या एका किलोमीटरच्या आतल्या तारेपुढे तो फरक गौण आहे.

घरच्या जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजकडून मिळत असे. फिल्ड टेलिफोन मात्र आपली शिदोरी बरोबर बाळगतो. बोलण्यासाठी त्याच्या पोटात टॉर्चचे दोन मोठे सेल, म्हणजे तीन व्होल्ट असतात, आणि समोरच्याची घंटा वाजवण्यासाठी हाताने फिरवायचा छोटा जनित्र, ज्याला आम्ही मॅग्नेटो म्हणतो, तो असतो. त्यामुळे दोन संच आणि त्यांच्यामध्ये दोन तारा एवढे असले की काम भागते.

तपासणी डोंगरावर करू नका, घरच्या टेबलावर करा. प्रथम सेलचा कप्पा उघडून पाहा. मागच्या मालकाने सेल तसेच ठेवलेले असतील तर ते गळून पितळी पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढलेला असतो आणि अशा संचांतील निम्मे ‘बिघाड’ तेवढेच असतात. थर कोरड्या ब्रशने काढा, पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने चमकेपर्यंत घासा आणि नवे सेल घाला. नंतर दोन्ही संचांची लाइनची टर्मिनले दोन-तीन मीटर तारेने जोडा. ही टर्मिनले बहुधा स्प्रिंगची असतात, म्हणजे वरून दाबले की फट उघडते, तिच्यात सोललेली तार सरकवायची आणि बोट सोडायचे. एका बाजूची मूठ जोराने फिरवली की दुसऱ्या बाजूची घंटा वाजली पाहिजे. हे करताना उघड्या तारेला कोणीही हात लावू नये, कारण घंटेचा हा प्रवाह ८० ते १०० व्होल्टच्या घरात जातो. त्याने सहसा इजा होत नाही, पण कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला दचकवण्याइतका झटका नक्की बसतो.

घंटा वाजली पण आवाज खरखरीत किंवा खोल विहिरीतून आल्यासारखा येत असेल, तर जुन्या संचातील मायक्रोफोनमध्ये कोळशाची बारीक पूड असते, ती दमट हवेने घट्ट बसली आहे असे समजा. हँडसेट तळहातावर दोन-चार वेळा हलकेच आपटला की पूड मोकळी होते. अनेक संचांच्या हँडसेटवर बोलताना दाबून धरायची एक पट्टी असते. मोबाईलवर वाढलेली मुले ‘हॅलो’ म्हणताना ती दाबतात आणि पुढच्याच शब्दाला सोडून देतात. मग संच बिघडला असे कळवणारा निरोप मात्र धडधडीत ऐकू येतो, कारण तेवढ्यापुरती पट्टी दाबलेली असते.

कड्यावरून तार सोडण्याबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. फिल्ड तारेचे वजन किलोमीटरला साडेतेरा किलोच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या दीडशे मीटर लोंबत्या तारेचे वजन दोनच किलो भरेल आणि ते ती सहज पेलेल. तरीही वरच्या टोकाला तारेला पीळ न देता रुंद वेटोळे घेऊन ती बांधा आणि खालचे टोकही बांधा, नाहीतर वाऱ्याने ती खडकावर आपटत राहून दिवसभरात सोलवटते. दुसरी गोष्ट अशी की, ती तार दोराच्या अँकरला (दोर जेथे बांधतात त्या आधाराला), दोराच्या बाजूने किंवा दोराच्या मार्गात कधीही येऊ देऊ नका, आणि दोर सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती टेलिफोन देऊ नका. टेलिफोनवर वेगळा माणूस बसवावा आणि त्याने ऐकलेला प्रत्येक निरोप मोठ्याने उच्चारून परत सांगावा.

प्रश्न : मूळ फिल्ड तार मिळाली नाही तर बाजारातील कोणती तार घ्यावी? घरातील वायरिंगची, स्पीकरची की संगणकाच्या नेटवर्कची? आमच्या शाळेच्या स्काउट पथकासाठी हवी आहे. (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : फिल्ड तारेचे वैशिष्ट्य तिच्या गाभ्यात असते. डब्ल्यूडी-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तारेची सोललेली एक बाजू भिंगाखाली धरली तर सात बारीक धागे दिसतात. त्यांपैकी चार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचे आणि तीन जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात. तांबे आवाज वाहून नेते, आणि झाडाच्या फांदीवरून ओढले जाण्याचा व माणसाच्या पायाखाली येण्याचा ताण पोलाद सोसते. त्यावर पॉलिथिनचे आणि त्यावर नायलॉनचे कवच असते आणि अशा दोन तारा एकमेकींना पीळ घालून एकत्र केलेल्या असतात. पोलाद असल्यामुळे तिचा रोध, म्हणजे वीज वाहण्याला होणारा अडथळा, तांब्याच्या तारेपेक्षा जास्त, म्हणजे जाऊन-येऊन किलोमीटरला सव्वाशे ते दीडशे ओहम इतका असतो, पण टेलिफोनच्या बोलण्याला त्याने काही बिघडत नाही.

या मापाने पाहिले तर नेटवर्कच्या केबलमधील एक जोडी विजेच्या दृष्टीने फिल्ड तारेच्या जवळपास बसते, शिवाय तिला पीळही असतो. एका केबलमध्ये अशा चार जोड्या असल्याने चार स्वतंत्र लाइनींचे काम होते. तिची उणीव अशी की तिचा गाभा एकसंध तारेचा असतो, तो एकाच जागी चार वेळा वाकला की आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. घरात वापरायच्या केबलचे कवच उन्हातही टिकत नाही. दोन दिवसांच्या स्काउट शिबिराला ती चालेल. घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे मात्र पाहून घ्या, कारण स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो, आणि ती वजनाला हलकी असली तरी रोध अधिक आणि वाकवल्यावर तुटण्याची खोड त्याहून अधिक. चाकूने टोक खरवडले की आत रुपेरी रंग दिसतो, तेवढी परीक्षा पुरे.

स्पीकरची पारदर्शक तार मऊ आणि हाताळायला सोपी असते, मात्र ती सपाट असते, तिला पीळ नसतो, त्यामुळे विजेच्या खांबांजवळून गेली की तिच्यात गुणगुण शिरते. जुन्या लँडलाइनची खांबावरून घरापर्यंत येणारी काळी तार कुठे मिळाली तर ती घ्या. ती जड असते, गुंडाळायला कंटाळवाणी असते, पण मजबूत असते. घरातील वायरिंगची तार वापरणे म्हणजे पैशांचा आणि पाठीचा अपव्यय आहे.

प्रश्न : एकच तार टाकून परतीचा मार्ग म्हणून जमीन वापरली तर निम्मी तार वाचते, असे मी वाचले आहे. हे खरे आहे का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : विजेच्या दृष्टीने खरे आहे आणि जुन्या काळी सर्रास तसे करीत. प्रत्येक टोकाला एक लोखंडी सळई ओल्या जमिनीत ठोकायची, संचाचे एक टर्मिनल सळईला आणि दुसरे तारेला जोडायचे, एवढेच. तथापि या काटकसरीची किंमत पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर फार मोठी पडली. ब्रिटिश बाजूच्या अनेक लाइनी एकेरी तारेच्या आणि जमिनीतून परतणाऱ्या होत्या. जमिनीत पसरणारा तो प्रवाह समोरच्या खंदकांजवळ सळया पुरून आणि ॲम्प्लिफायर लावून जर्मन ऐकत असत. त्यांच्या अशा श्रवण-ठाण्यांना ‘मोरित्झ’ म्हणत. १ जुलै १९१६ रोजी सुरू झालेल्या, फ्रान्समधील सोमच्या लढाईपूर्वी ला बॉइसेल गावाजवळच्या अशाच एका ठाण्याने ब्रिटिश निरोपाचा एक तुकडा पकडल्याची नोंद प्रसिद्ध आहे. पुढे पिळाच्या जोडतारा आल्या, तारा खोल पुरल्या जाऊ लागल्या, आणि कॅप्टन ए. सी. फुलर यांनी १९१५ मध्ये तयार केलेला, अतिशय क्षीण एकदिश प्रवाहावर तारसंदेश पाठवणारा ‘फुलरफोन’ वापरात आला, ज्याचा प्रवाह दुरून ऐकू येत नसे.

तुमच्या शिबिरातील गप्पा कोणी चोरून ऐकणार नाही, हे मान्य. तुमच्या भागातील अडचण वेगळी आहे. जांभ्याच्या सड्यावर माती बोटभर असते आणि उन्हाळ्यात ती ठणठणीत कोरडी होते. सळई आत जातच नाही आणि गेली तरी चांगला स्पर्श मिळत नाही. मिठाचे पाणी ओतून थोडा फायदा होतो. घाटमाथ्याच्या काळ्या कातळावरही हीच गत होते. त्यातून जवळ शेतीपंपाची लाइन असेल तर जमिनीतून फिरणारा तिचा प्रवाह तुमच्या कानात अखंड घरघर करत राहतो.

एकेरी तारेचा चतुर उपयोग गुहांतील बचावकार्यात झाला आहे. तेथे अरुंद भोकातून सरपटत जाणाऱ्या माणसाला वजन नकोसे असते. ऑस्ट्रेलियातील गुहाशोधक नेव्हिल मिची यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या टेलिफोनमध्ये अतिसंवेदनशील ॲम्प्लिफायर असतो, आणि बोलणाऱ्या माणसाचे ओले शरीरच जमिनीशी जोडणीचे काम करते. गुहेतील भिंती कायम ओल्या असतात, म्हणूनच ते जमते. सिंधुदुर्गातील एप्रिलमधल्या सड्यावर तुम्ही दोन तारा टाका.

प्रश्न : द्राक्षबागेतील शेड आणि नदीकाठचे पंपघर यांच्यात नऊशे मीटर तार टाकली होती. पंधरा दिवसांत तीन वेळा बंद पडली. कधी घंटा वाजत नाही, कधी खरखर होते. तुटलेली जागा सापडत नाही. तार टाकण्याची योग्य पद्धत कोणती? (एक बागायतदार, निफाड)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मला माझे उमेदीचे दिवस आठवले, कारण लाइनमनचे अर्धे आयुष्य नेमके याच प्रश्नात जाते. टेलिफोन क्वचित बिघडतो, तार मात्र नेहमी बिघडते.

सुरुवात मुठीपासून करा. टेलिफोनला लाइन जोडलेली असताना मूठ फिरवा आणि हाताला काय जाणवते ते लक्षात ठेवा. लाइन चांगली असेल तर थोडा, एकसारखा भार लागतो. मूठ रिकाम्या रहाटासारखी गरकन फिरली तर कुठेतरी तार तुटलेली आहे. ती जड झाली, जणू कोणी पलीकडून धरून ठेवली आहे असे वाटले, तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. नवख्याला हा फरक समजायला दोन दिवस लागतात. घरी एकदा मुद्दाम तारेची दोन टोके एकमेकांना लावून मूठ फिरवून पाहा आणि मग टोके मोकळी सोडून फिरवा, म्हणजे हाताला ओळख पटेल.

नंतर नऊशे मीटर चालत जाऊन प्रत्येक फूट तपासण्याची गरज नाही. एक संच बरोबर घेऊन साधारण मध्यावर जा, तेथे तार तोडून दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावून बघा. जी बाजू बोलत नाही तिच्या मध्यावर पुन्हा तसेच करा. चार-पाच फेऱ्यांत दोष पन्नास मीटरच्या टप्प्यात येतो आणि मग डोळ्यांनी शोधता येतो. प्रत्येक ठिकाणी नवा जोड तयार होणार, हे लक्षात घेऊन तार टाकतानाच तीनशे-तीनशे मीटरवर एका खुंटावर तपासणीची जागा ठेवली असती तर हे काम आणखी सोपे झाले असते.

आता जोडाविषयी, कारण तुमची खरखर तेथूनच येत असावी असा माझा अंदाज आहे. आम्हाला जबलपूरला जोड शिकवताना पहिली गोष्ट सांगितली होती ती अशी की, दोन्ही तारांचे जोड एकासमोर एक येता कामा नयेत. एक तार पकडीच्या लांबीइतकी आखूड कापायची, म्हणजे एक जोड इथे आणि दुसरा वीतभर पुढे पडतो. उत्तरेकडील एका ठाण्यावर पहिल्याच हिवाळ्यात घाईत मी ते पाळले नाही. रात्री लाइन मेली. आम्ही तिघे टॉर्च घेऊन बर्फाच्या चिखलात तीन तास चाललो, एखाद्या खेचराने तार तोडली असणार असे म्हणत, आणि शेवटी सापडला तो माझाच जोड. दोन्ही गाठी शेजारी, टेप भिजून सुटलेली, आणि दोन तारा एकमेकींच्या कुशीत. हवालदार काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टॉर्च माझ्या हातांवर धरली आणि मला तो पुन्हा करायला लावला.

जोड असा करावा. दोन्ही टोकांचे कवच वीतभर सोला, चाकू आडवा न फिरवता तिरका धरा, म्हणजे आतले धागे कापले जात नाहीत. दोन टोकांची चौकोनी गाठ मारा, जिला गिर्यारोहक रीफ नॉट म्हणतात. ओढ बसली की ही गाठ घट्टच होते, आणि ताण गाठीने घ्यायचा असतो. उरलेली टोके दोन्ही बाजूंच्या तारेवर घट्ट गुंडाळा, त्यांवर तांब्याची बारीक तार वळवा, आणि मग टेप गाठीपासून सुरू करून दोन्हीकडच्या चांगल्या कवचावर बोटभर पुढे जाईपर्यंत ताणून लावा. नुसता पीळ देऊन टेप चिकटवलेला जोड दुपारी बोलतो आणि दवात खरखरतो.

तार जमिनीवर टाकायची असेल तर ती ताणून टाकू नका. पाचव्या हिश्शाइतकी ढील ठेवण्याचा जुना दंडक आहे, म्हणजे तुमच्या नऊशे मीटरला हजार-अकराशे मीटर तार लागेल. ताणलेल्या तारेला गाईचा पाय लागला की ती तुटते, आणि ढिली तार गाईच्या पायाखालून निघून जाते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जातो तेथे तार एकतर दोन झाडांवरून उंच न्या किंवा जुन्या पाइपातून जमिनीखाली घाला. झाडाला बांधताना तिला ढिले वेटोळे घ्या आणि खिळा कधीही ठोकू नका.

विजेच्या लाइनवरून तार फेकून पलीकडे न्यायचा मोह कधीही होऊ देऊ नका. खालून नेणेही शक्य तितके टाळा, आणि टाळता आले नाही तर ती जमिनीवरूनच, काटकोनात न्या. विजेच्या लाइनला समांतर धावणारी तार गुणगुणते, ही किरकोळ बाब झाली, पण तारेवर वीज उतरली तर पंपघरातील माणसाच्या कानाशी येते. तसेच वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की दोन्ही टोकांना संच तारेपासून सोडवून ठेवा आणि पाऊस गेल्यावर जोडा. नऊशे मीटर मोकळी तार ही आकाशातील विजेला आमंत्रणच असते. या कारणासाठी, आणि तुमची गरज कायमची असल्यामुळे, फिल्ड तार हा तुमच्या बागेवरचा खरा उपाय नव्हे, असे माझे मत आहे. ती दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या कामासाठी असते. कायमची लाइन हवी असेल तर जमिनीखालून पाइपातच न्या.

प्रश्न : एकाच तारेवर तीन-चार टेलिफोन लावता येतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येतात. सर्व संच त्याच दोन तारांना समांतर जोडावेत. मूठ कोणीही फिरवली तरी सगळ्यांच्या घंटा वाजतात, म्हणून खुणा ठरवाव्या लागतात: एक लांब म्हणजे तळ, दोन आखूड म्हणजे माथा, एक लांब आणि एक आखूड म्हणजे वैद्यकीय तंबू. संच वाढले की घंटा क्षीण होतात. पाचापर्यंत अडचण येऊ नये. आणि हो, सगळ्यांना सगळ्यांचे ऐकू येते.

प्रश्न : सेल न लागणारा टेलिफोन असतो, हे खरे का? आणि घरातले जुने लँडलाइन संच यासाठी वापरता येतील का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. पहिल्या प्रकारात आवाजाने हलणारा पडदाच चुंबकाजवळच्या वेटोळ्यात वीज निर्माण करतो आणि पलीकडचा पडदा त्याच विजेने हलतो. जहाजांवर हे संच फार वापरले जातात, कारण जहाजाची सारी वीज गेली तरी ते बोलतात. अमेरिकन सैन्याचा टीए-१ हा हातात मावणारा संच या जातीचा आहे, त्याचा पल्ला सहा किलोमीटरच्या आसपास मानतात. घंटेसाठी तळहाताने दाबायची एक पट्टी त्याला असते.

दोन जुने लँडलाइन संच बोलते करण्यासाठी दोन तारांपैकी एका तारेत नऊ व्होल्टचा सेल आणि दोन-तीनशे ओहमचा एक रोधक घालावा लागतो. दोन्ही रिसीव्हर उचलले की बोलणे सुरू होते. घंटा मात्र वाजणार नाही, त्यामुळे वेळ ठरवून उचलावे लागतात. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग उत्तम आहे, कड्यावर नको.

प्रश्न : शिबिर संपल्यावर तार गुंडाळायला दुप्पट वेळ लागतो आणि पुढच्या वेळी गुंता होतो. काही सोपा उपाय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : टाकण्यापेक्षा गुंडाळायला जास्त वेळ लागतो, हे गृहीत धरूनच परतीचे वेळापत्रक आखा. ड्रम घेऊन स्वतः तारेच्या दिशेने चालत जा, तार आपल्याकडे ओढून घेऊ नका, कारण ओढली की ती करवंदीच्या जाळीत अडकते आणि जोर लावला की तेथेच तुटते. दोन माणसे लागतात. पुढचा तार काट्यांतून सोडवतो आणि मागचा ड्रम फिरवतो. मागच्याने एका हातात जुने गोणपाट धरून तार त्यातून सरकू द्यावी, म्हणजे चिखल पुसला जातो आणि कवच फाटलेली जागा बोटांना लगेच कळते. तेथे रंगीत दोरा बांधून ठेवावा आणि घरी आल्यावर जोड करावा. ड्रम नसेल तर कोपरावर गुंडाळू नका, त्याने तारेत पीळ साठतो. दोन खुंटांभोवती आठाच्या आकड्यात गुंडाळा. अभयारण्यात शिबिर असेल तर आधी वनखात्याला विचारलेच पाहिजे, आणि तारेचा एकही तुकडा मागे राहू देऊ नका, कारण भेकराच्या पायात तो वेटोळा बसला तर त्याला सोडवायला तेथे कोणी नसते.